दारात पोलीस, हातात कागद नाही

एका वाचक भगिनीचं पत्र. नाव-गाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून काढलंय. थोडं संक्षिप्त केलंय.

“ताई, आज रात्री पावणेअकराला बेल वाजली. मिस्टर कामासाठी परगावी आहेत. घरात मी, सासूबाई आणि चौदा वर्षांचा मुलगा. दारात तिघे होते. एक खाकीत, दोघे साध्या कपड्यात. माझ्या मोठ्या दिरांच्या मुलाचं नाव घेऊन ‘कुठंय तो?’ म्हणाले. गेल्या वर्षी तो दोन महिने आमच्याकडे राहिला होता, आता त्याचा पत्ता आम्हालाही ठाऊक नाही. मी तसं सांगेपर्यंत ते आत आले. दोन्ही खोल्या पाहिल्या, बाथरूम पाहिलं, कपाट उघडलं, टेबलाचा खण उपसला आणि चार्जिंगला लावलेला मुलाचा मोबाइल घेऊन गेले. ऑनलाइन पैशांची काहीतरी फसवणूक आहे एवढंच बोलले. जाताना म्हणाले, ‘उद्या अकराला ठाण्यात या, जबाब द्यायचाय. आणि तो सापडला नाही ना, तर तुमच्या मिस्टरांना आणून बसवू.’ कागद एकही दिला नाही, दाखवलाही नाही. भावाला फोन केला तर तो माझ्यावरच चिडला, ‘वॉरंटशिवाय दार उघडलंसच का?’ सासूबाई म्हणतात, ‘पोलिसांशी वाद नको, मुकाट जाऊन ये.’ मी कोणाचं ऐकू?”

तुमचा मेल आला त्या रात्री मी दोनच ओळी कळवल्या होत्या : ठाण्यात एकट्या जाऊ नका, आणि घडलेलं सगळं झोपायच्या आधी वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्ही नंतर कळवलंत, त्यात मी पडत नाही. तुमच्यासारखी बेल आणखी कितीतरी घरांत वाजते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

भावाचं आणि सासूबाईंचं, दोघांचंही ऐकू नका. भावाचा सल्ला आधी घेते, कारण तो जास्त महागात पडेल.

“वॉरंटशिवाय पोलीस घरात पाऊल टाकू शकत नाहीत” हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या दर दोन पक्षकारांपैकी एक तरी बोलतोच. ते परदेशी सिनेमातून आलंय. आपला कायदा पोलिसांना वॉरंटशिवाय घरात शिरण्याची बरीच मोकळीक देतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, मोकळीक तशीच राहिली. कलम ४४ सांगतं की ज्याला अटक करण्याचा अधिकार पोलिसांना आहे असा माणूस अमुक घरात आहे असं मानायला कारण असेल, तर त्या घरात राहणाऱ्याने मागणी केल्यावर त्यांना आत येऊ द्यायचं. आपला अधिकार आणि येण्याचं कारण सांगूनही दार उघडलं नाही, तर ते दार तोडूही शकतात. दखलपात्र गुन्हा असेल आणि कायद्यातल्या अटी बसत असतील, तर अटकेलाही वॉरंट लागत नाही. म्हणजे त्या रात्री तुम्ही भावाचं ऐकून दाराला टेकून उभ्या राहिला असतात, तर उद्या तुमच्यावरच सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागायची शक्यता होती. धक्काबुक्की झाली असती, तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. पूर्वी ज्याला सगळे “तीनशे त्रेपन्न” म्हणायचे, तेच हे.

पण हे अर्धंच झालं. कलम ४४ हे माणूस शोधण्यासाठी आहे, आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा टेबलाच्या खणात मावत नाही. खोल्या पाहिल्या, बाथरूम पाहिलं, उभं कपाट उघडलं, इथपर्यंत ठीक. त्यांनी खण उपसला त्या क्षणी माणसाचा शोध संपला आणि वस्तूंची झडती सुरू झाली. तिचे नियम वेगळे आहेत, आणि बरेच कडक आहेत.

वस्तूंची झडती दोन वाटांनी होते. न्यायालयाने दिलेलं झडतीचं वॉरंट ही पहिली. ते असेल तर वाचायला मागा : कोणाचं घर, कशासाठी, कोणाची सही. दुसरी वाट कलम १८५ ची, वॉरंटशिवाय. तपासासाठी लागणारी वस्तू या घरात आहे आणि वॉरंट आणेपर्यंत फार उशीर होईल, असं तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला सकारण वाटलं, तर तो ती कारणं आधी लिहून काढतो. काय शोधायचंय तेही होईल तितकं नेमकं लिहितो. मग शक्यतो स्वतः येतो. स्वतः येणं जमत नसेल, तर हाताखालच्या माणसाला लेखी आदेश देऊन पाठवतो. म्हणून हवालदार एकटाच झडतीला आला, तर त्याच्या खिशात एक कागद असायलाच हवा. त्या लेखी कारणांची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जावी लागते, आणि घरमालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर दंडाधिकारी ती विनामूल्य देतात. ही शेवटची तरतूद जुन्या कायद्यातही होती. वकिलीच्या इतक्या वर्षांत तो अर्ज करणारे पक्षकार मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले.

झडती कोणत्याही वाटेची असो, कलम १०३ तिला लागू होतं. त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. झडती त्यांच्यासमोर करायची, घेतलेल्या प्रत्येक वस्तूची आणि ती कुठे सापडली याची यादी करायची, त्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचं आणि यादीची प्रत त्याच्या हातात ठेवायची. बाईची अंगझडती फक्त बाईनेच घ्यायची, मर्यादा पाळून. नव्या कायद्याने यात कलम १०५ ची भर घातली : झडती आणि जप्तीचं, यादी करण्यापासून सह्यांपर्यंत, ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण, शक्यतो मोबाइलवरच, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे. तुमच्या घरी चित्रीकरण नाही, पंच नाही, यादी नाही आणि प्रतही नाही. संशयास्पद मालमत्ता जप्त करण्याचा वेगळा अधिकार कलम १०६ मध्ये आहे, पण त्यातही जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मोबाइल उचलून खिशात घालणं कुठल्याच कलमात बसत नाही.

आता कडू गोष्ट. झडती बेकायदा होती म्हणून तिच्यात सापडलेला पुरावा आपोआप बाद होईल, असं आपल्याकडे होत नाही. आयकराच्या धाडींवरून सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात पूरणमल यांचा खटला चालला, तेव्हापासून ही भूमिका कायम आहे : पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल तर तो कसा मिळवला एवढ्यावरून फेकला जात नाही. झडतीतल्या त्रुटींमुळे न्यायालय त्याकडे जास्त संशयाने पाहील, एवढंच. म्हणून “चुकीची झडती होती, केस उडेल” असं कोणी सांगितलं तर निर्धास्त होऊ नका. त्रुटी होत्या हे पुढे दाखवायला तुमच्याकडेही काहीतरी लेखी हवं. वहीत लिहा म्हटलं ते यासाठी.

या ओघात संमतीबद्दलही बोलते, कारण बहुतेक घरांत पोलीस ना कलम ४४ खाली येतात ना १८५ खाली. ते “येऊ का?” विचारतात, आपण “या ना” म्हणतो आणि संपलं. मला स्वतःलाही हे चुकलेलं नाही. वकिली सुरू करून चारच वर्षं झाली होती. पहाटे साडेपाचला दोघे दारात आले, आमच्या आधीच्या भाडेकरूची चौकशी करायला. मी, रोज न्यायालयात पंचनाम्यांवर उलटतपासणी करणारी, त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, घरभर फिरू दिलं. ते गेल्यावर लक्षात आलं की मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही, आतिथ्य आठवतं म्हणा ना. तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत याचा बोल स्वतःला लावू नका.

विचारायचं ते थोडकंच असतं, आणि चढ्या आवाजाची गरज नसते. साखळी किंवा सेफ्टी डोअर लावलेलं असतानाच विचारा, “साहेब, कुठल्या ठाण्यातून आलात? आपलं नाव? ओळखपत्र दाखवता का?” साध्या वेशातल्या माणसाला तर हे विचारायलाच हवं. पोलीस असल्याची बतावणी करून घरात शिरणारे भामटे असतात, आणि लोकसेवकाची बतावणी हा न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. खऱ्या अधिकाऱ्याला याचा राग यायचं कारण नाही. शंका वाटली तर त्यांच्यासमोरच ११२ ला किंवा ठाण्याच्या दूरध्वनीवर विचारा, “आमच्याकडे माणसं पाठवलीत का?” दोन मिनिटांचं काम आहे. मग पुढचा प्रश्न : “कशासाठी आलात? गुन्हा क्रमांक काय?” गुन्हा क्रमांक मिळाला तर निम्मं काम झालं, कारण त्यावरून एफआयआर शोधता येतो. संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय. गुन्हा नेमका काय आहे, पुतण्याचं नाव त्यात आरोपी म्हणून आहे की नुसतं संशयित म्हणून, हे तिथून कळेल.

ते आत असताना मोबाइलवर चित्रीकरण करावं का, असं बरेच जण विचारतात. स्वतःच्या घरात, उघडपणे, त्यांच्या कामात न येता केलंत तर ते करू नका असं सांगणारा कायदा मला माहीत नाही. त्यांनी स्वतःच झडतीचं चित्रीकरण करायचं असतं, हे वर आलंच. ठाण्यात मोबाइल काढला की “गोपनीयता कायदा लागतो” म्हणून दटावतात, त्याचंही उत्तर आहे : पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमातलं “प्रतिबंधित ठिकाण” नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय. मात्र कॅमेरा कोणाच्या नाकासमोर नाचवू नका. त्यातून मूळ विषय बाजूला पडतो आणि भांडणच उरतं.

रात्रीबद्दल. सूर्यास्तानंतर पोलीस घरी येऊच शकत नाहीत, असंही अनेकांना वाटतं. सूर्यास्ताचा नियम आहे तो महिलेच्या अटकेचा (कलम ४३) : सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महिलेला अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच झाली, तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यायची. घराच्या झडतीला संहितेत असं घड्याळ नाही. पण म्हणून रोज रात्री येऊन “आहे का तो घरी?” विचारत दार वाजवायचा परवानाही नाही.

यावरून खरक सिंग आठवतात. उत्तर प्रदेशातले हे गृहस्थ १९४१ मध्ये दरोड्याच्या एका प्रकरणात पकडले गेले, पुराव्याअभावी सुटले. तरी पोलिसांनी त्यांच्या नावाने पाळतीचं दप्तर उघडलं. चौकीदार आणि शिपाई रात्री-बेरात्री यायचे, हाका मारायचे, दार वाजवायचे, कधी आत शिरायचे, झोपेतून उठवून तो घरातच आहे ना याची खात्री करायचे. हा सगळा प्रकार उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमावलीतल्या एका नियमाच्या आधारे चालायचा. खरक सिंग थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्रीच्या त्या गृहभेटींचा नियम रद्द केला. माणसाच्या घरात असं घुसणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे आणि त्यामागे विधिमंडळाने केलेला कायदाच नाही, नुसती खात्याची नियमावली आहे, हे त्यामागचं कारण. त्याच निकालात खाजगीपणाचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नव्हता. त्यासाठी २०१७ उजाडावं लागलं, पुट्टस्वामी निकालापर्यंत. तेव्हा तुमच्याकडे ही मंडळी पुन्हा पुन्हा रात्री येऊ लागली, तर प्रत्येक खेपेची तारीख-वेळ लिहून ठेवा. एका खेपेला कारण असू शकतं. पाच-सहा खेपा झाल्या की कारण दाखवणं त्यांना जड जातं.

आता सासूबाईंकडे वळते. “मुकाट जाऊन ये” हा सल्ला त्यांच्या पिढीच्या अनुभवातून आलाय, त्याला हसू नका. पण या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने इतका स्वच्छ आहे की मुकाट जायचं काही कारण नव्हतं. साक्षीदाराला जबाबासाठी बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. तोंडी “उद्या अकराला या” चालत नाही. शिवाय याच कलमानुसार महिलेला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलवताच येत नाही. तुमच्या घरात त्या रात्री होतात तेवढे तिघेही या यादीत बसता. तुम्ही आणि सासूबाई महिला, मुलगा चौदाचा. जबाब हवा असेल तर पोलिसांनी तुमच्याकडे यायचं, दिवसा, महिला कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन या असंही तुम्ही म्हणू शकता. स्वतःच्या मर्जीने ठाण्यात जायला कायद्याची आडकाठी नाही. मर्जी तुमची हवी, एवढंच.

हा नियम कोणासाठी मोडला गेला होता माहितीये? ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्यासाठी. सत्ता गेल्यावर १९७७ मध्ये त्यांना कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावून लांबलचक प्रश्नावली पुढे ठेवली गेली. त्यांनी उत्तरं नाकारली, त्यांच्यावर खटला झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या : महिलेला असं ठाण्यात बोलावणं कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर न देण्याचा हक्क न्यायालयातच नव्हे, पोलीस चौकशीतही आहे. माजी मुख्यमंत्र्यांना जिथे बोलावलं जातं, तिथे तुम्हा-आम्हाला तोंडी निरोप येणारच. पण नियम सगळ्यांना एकच आहे.

एक फरक मात्र नीट पाहा. कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराची. कलम ३५(३) ची नोटीस आली, तर तुम्हाला संशयित धरलंय असा अर्थ. ती आली तर टाळायची नाही, दिलेल्या वेळी हजर राहायचं, पण आधी वकिलाला दाखवून. हजर राहणाऱ्याला, अटक का गरजेची आहे याची कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक नको, हे २०१४ च्या अर्णेश कुमार निकालापासून पोलिसांना वारंवार बजावलं गेलंय. आणि ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, हे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. व्हिडिओ कॉलवर “तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय” सांगणारा तर सरळ ठग समजा, अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

जबाब देताना खरं ते सांगा. “माहीत नाही” हे खरं असेल तर तेही पूर्ण उत्तर आहे. अंदाज बांधून सांगू नका, पुतण्याला वाचवायला खोटं तर मुळीच नाही. लक्षात ठेवा, तपासात पोलिसांनी साक्षीदाराचा लिहिलेला जबाब साक्षीदाराने सही करायचा नसतो, कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. “इथे एक सही करा ताई” म्हणाले तर हे शांतपणे सांगा. कोऱ्या कागदावर सही तर कोणत्याच परिस्थितीत नको.

आणि ती धमकी, “मिस्टरांना आणून बसवू”. हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की काही जणांना तो कायदाच वाटतो. एकाच्या बदल्यात घरातल्या दुसऱ्याला ठाण्यात बसवून ठेवण्याची परवानगी कुठलंही कलम देत नाही. “अटक नाही हो, नुसतं बसवलंय” हा प्रकार कायद्याला माहीत नाही. माणूस एकतर मोकळा असतो नाहीतर अटकेत, आणि अटकेत असेल तर पाठोपाठ सगळं लागू होतं : अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट दिसणारी नावाची पट्टी, घरच्या किंवा परिसरातल्या एकाची सही असलेला अटक पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, अटकेची कारणं सांगणं, चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटू देणं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं. १९९६ च्या डी. के. बसू निकालातून यातलं बरंच कायद्यात आलं. तशी वेळ आलीच, तर पहिला फोन वकिलाला आणि दुसरा विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. ठाण्यांत सीसीटीव्ही लावून चित्रण जपून ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे, तेव्हा मिस्टर किती वाजता आत गेले ते लिहून ठेवा. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर ती वेळच कामी येते.

सोसायटीत सीसीटीव्ही असेल तर सेक्रेटरींना आजच भेटा. ही नोंद साधारणपणे काही दिवसांत आपोआप पुसली जाते. त्या रात्रीचं पावणेअकरा ते साडेअकराचं चित्रण पेनड्राइव्हवर मागून घ्या. मग वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज करा. भाषा अशी : “दिनांक अमुक, रात्री अमुक वाजता आपल्या ठाण्यातून आलो असे सांगणाऱ्या तीन व्यक्तींनी माझ्या राहत्या घरी येऊन पाहणी केली व माझ्या मुलाचा अमुक कंपनीचा मोबाइल नेला. जप्ती पंचनामा किंवा पावती मला मिळालेली नाही. ती मिळावी, तसेच गुन्हा क्रमांक कळवावा. माझा जबाब आवश्यक असल्यास कलम १७९ नुसार माझ्या राहत्या घरी घ्यावा, मी सहकार्य करीन.” शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही टाळाटाळ करत होतात असं पुढे कोणी म्हणालं, तर तेच उत्तर आहे. या अर्जात आरोप नकोत, शेलके शब्द नकोत. आवक कक्षात शिक्का घेऊन द्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षकांना प्रत लावा. दाद लागलीच नाही, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग आहेत. तिथे वेळ लागतो, पण तुमची नोंद होते.

शेजाऱ्यांचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलाय, “त्यांना काय सांगू?” विचारतील त्यांना खरंच सांगा : पुतण्याची चौकशी होती. आणि समोरच्या वहिनींनी दार उघडून पाहिलं होतं असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना किती जण आले आणि हातात काय घेऊन गेले एवढं आठवणीने लिहून ठेवायला सांगा.

पुतण्याबद्दल. उद्या त्याचा फोन आला, “काकू, दोन दिवस येऊ का राहायला?” तर नाही म्हणा. गुन्हेगाराला आसरा देणं हा न्याय संहितेच्या कलम २४९ खाली गुन्हा आहे, आणि त्यातली सूट फक्त नवरा-बायकोला आहे, काका-काकूला नाही. त्याला सांगा, वकील गाठ आणि सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाक. त्याचा फोन आला होता हे पोलिसांनी विचारलं तर लपवू नका.

राहिला मुलाचा मोबाइल. पंचनामा करून तो मुद्देमालात दाखवला, तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, परत मागता येतो. तपासासाठी त्यातली माहिती काढून घेईपर्यंत पोलीस हरकत घेतील, तरी अर्ज लवकर टाका आणि मुलाचा अभ्यास त्यावर चालतो हे त्यात लिहा. अर्जाला खरेदीचं बिल जोडा. बिल नसेल तर मोबाइलच्या खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक चालतो, आणि खोकंही टाकून दिलं असेल तर त्यातल्या सिमच्या कंपनीकडून ते सिम कोणाच्या नावावर आहे त्याचा कागद घ्या.